स्टॉर्म्स ऑफ लाइफ

स्टॉर्म्स ऑफ लाइफ : कंट्री या अमेरिकेच्या ग्रामीण लोकगीतांतून वाढलेल्या संगीतप्रकारातील अमेरिकन गायक रँडी ट्रॅव्हिस (जन्म ४ मे १९५९) यांचा मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीने काढलेला पहिला अल्बम. वॉर्नर ब्रदर्स कंपनीच्या नॅशव्हिल शाखेने तो २ जून १९८६ रोजी प्रसिद्ध केला. ‘बिलबोर्ड’ नियतकालिकाच्या कंट्री अल्बमांच्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर पोहोचला आणि पुढे अमेरिकेत त्याला तिहेरी प्लॅटिनमचे, म्हणजे तीस लाख प्रतींचे, प्रमाणपत्र मिळाले. कंट्री संगीतात पदार्पणाच्या अल्बमला एवढे यश त्यापूर्वी क्वचितच लाभले होते. त्याचे महत्त्व मात्र खपापुरते नाही. पॉप संगीताच्या वळणावर गेलेल्या कंट्री गाण्याला जुन्या घडणीकडे परत आणण्यात या अल्बमाचा वाटा फार मोठा आहे.

हा अल्बम आला त्या वेळची नॅशव्हिलची स्थिती लक्षात घेतल्याशिवाय त्याचे वेगळेपण समजत नाही. टेनेसी राज्यातील हे शहर कंट्री संगीताच्या व्यवसायाचे केंद्र आहे. १९८० मध्ये आलेल्या ‘अर्बन काउबॉय’ या चित्रपटामुळे काउबॉय टोप्या, बूट आणि कंट्री गाणी यांची शहरी तरुणांत एकदम लाट आली. या नव्या ग्राहकाला रुचावे म्हणून निर्मात्यांनी व्हायोलिनवृंद, कीबोर्ड आणि गुळगुळीत कोरस यांचा सढळ वापर सुरू केला. लाट दोन-तीन वर्षांत ओसरली, खप घसरला आणि जुना श्रोताही दुरावला. जॉर्ज स्ट्रेट आणि रिकी स्कॅग्ज या गायकांनी दशकाच्या सुरुवातीपासूनच परंपरेची वाट धरलेली होती. तरीही साधे, फिडल (लोकशैलीत वाजवलेले व्हायोलिन) आणि स्टील गिटार (तारांवर धातूची कांब सरकवून वाजवायची गिटार) यांवर उभे राहिलेले गाणे आता विकले जात नाही, अशीच व्यवसायातील पुष्कळांची समजूत होती.

ट्रॅव्हिस यांना या समजुतीचा थेट फटका बसला. त्यांचे मूळ नाव रँडी ट्रेविक. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मार्शव्हिल या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. किशोरवयात ते वारंवार पोलिसांच्या कचाट्यात सापडत. शार्लट शहरातील एका क्लबातील गायनस्पर्धेत त्यांचा आवाज क्लबच्या चालक लिब हॅचर यांनी हेरला. पुढे त्याच त्यांच्या व्यवस्थापक आणि काही काळ पत्नीही झाल्या. १९७०च्या दशकाच्या अखेरीस मूळ नावाने निघालेल्या त्यांच्या तबकडीला यादीत जेमतेम शेवटच्या रांगेत जागा मिळाली. नंतर नॅशव्हिलमध्ये हॅचर यांनी ‘नॅशव्हिल पॅलेस’ हा क्लब चालवायला घेतला, तेव्हा ट्रॅव्हिस त्याच क्लबात स्वयंपाक करीत, भांडी घाशीत आणि मधूनच मंचावर येऊन ‘रँडी रे’ या नावाने गात. याच नावाने त्यांचा तेथील प्रत्यक्ष गायनाचा एक अल्बम खाजगीरीत्या निघाला होता. म्हणून काटेकोरपणे पाहिले, तर ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ हा त्यांचा पहिला स्टुडिओ अल्बम ठरतो. तोपर्यंत अनेक कंपन्यांनी त्यांना परत पाठवले होते. त्यांचे गाणे ‘फारच कंट्री’ आहे, असा आक्षेप होता. अखेर १९८५ मध्ये वॉर्नर ब्रदर्सच्या मार्था शार्प यांनी त्यांना करारबद्ध केले आणि ‘ट्रॅव्हिस’ हे आडनावही त्याच वेळी आले.

अल्बमाची निर्मिती मुख्यतः काइल लेनिंग यांची असून काही गाण्यांत कीथ स्टेगल यांचा सहभाग होता. ‘ऑन द अदर हँड’ हे पहिले गाणे १९८५ च्या उन्हाळ्यात एकल तबकडी म्हणून निघाले आणि कंट्री गाण्यांच्या यादीत ६७व्या क्रमांकावर अडकले. नवख्या गायकाची वाट येथेच संपण्याचा संभव होता. परंतु वर्षअखेरीस काढलेले ‘१९८२’ हे दुसरे गाणे सहाव्या क्रमांकापर्यंत चढले, आणि तेव्हा कंपनीने एक धाडसी निर्णय घेतला : पडलेले पहिले गाणे १९८६ च्या वसंतात पुन्हा बाजारात आणले. या वेळी ते पहिल्या क्रमांकावर गेले. गाणे तेच होते आणि ध्वनिमुद्रणही तेच होते. मधल्या काही महिन्यांत रेडिओवरच्या श्रोत्यांना हा आवाज ओळखीचा झाला होता, एवढाच काय तो फरक. पुढे ‘डिगिंग अप बोन्स’ हेही पहिल्या क्रमांकावर गेले आणि ‘नो प्लेस लाइक होम’ दुसऱ्या क्रमांकावर थांबले.

‘ऑन द अदर हँड’ हे पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ यांचे गीत कंट्री गीतरचनेचा वस्तुपाठ मानावे असे आहे. शीर्षकातील वाक्प्रचाराचा इंग्रजीतील रूढ अर्थ ‘उलटपक्षी’ असा, आणि शब्दशः अर्थ ‘दुसऱ्या हातावर’ असा. विवाहित नायकाला परस्त्रीचा मोह पडला आहे. तिच्याजवळ थांबण्याची कारणे तो एका हातावर मोजतो आणि त्या हातावर त्याला काहीच वावगे दिसत नाही. दुसऱ्या हातात मात्र लग्नाची सोन्याची अंगठी आहे. एका घासून गुळगुळीत झालेल्या वाक्प्रचारातून सगळा नैतिक पेच उभा राहतो आणि गीतकाराला उपदेशाचा एक शब्दही खर्च करावा लागत नाही. हेच गाणे कीथ व्हिटली या गुणी गायकानेही १९८५ च्या सुमारास ध्वनिमुद्रित केले होते, पण ते लोकांच्या ओठी बसले ते ट्रॅव्हिस यांच्या आवाजात.

इतर गाण्यांतही माणसे तुटलेल्या घराच्या आसपासच वावरतात. ‘१९८२’ मधील नायक टेलिफोन ऑपरेटरला विनवतो की, मला त्या सालाशी जोडून द्या, कारण ती तेव्हा माझ्याजवळ होती. ‘डिगिंग अप बोन्स’ मधला एकाकी पुरुष रात्री जुन्या वस्तू आणि आठवणी उकरत बसतो. त्याच्या तीन गीतकारांपैकी एकाचे नाव अल गोर आहे. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेले, टेनेसीचेच राजकारणी अल गोर ते हे नव्हेत. ‘सेंड माय बॉडी’ आणि ‘रीझन्स आय चीट’ ही दोन गीते ट्रॅव्हिस यांची स्वतःची आहेत. त्यांतील दुसरे मला अल्बममधील सर्वांत धीट वाटते : आपण पत्नीशी प्रतारणा का करतो याची कारणे नायक मोजून सांगतो, आणि ही कारणे सबबी आहेत की थकलेल्या आयुष्याची खरी हकिगत, हे ठरवणे गाणे श्रोत्यावर सोपवते.

ट्रॅव्हिस यांचा आवाज खर्जातला, किंचित अनुनासिक. स्वर लांबवत, वाकवत शब्दावर रेंगाळण्याची लेफ्टी फ्रिझेल यांनी रुजवलेली आणि मर्ल हॅगर्ड व जॉर्ज जोन्स यांनी वाढवलेली, अशी आधीच्या कंट्री गायकांची रीत त्यांनी आत्मसात केली होती. ओळीच्या शेवटी ते स्वर खाली घसरू देतात. आपल्याकडे मींड म्हणतात तिच्याशी या क्रियेचे नाते कानाला सहज जाणवते, आणि पेडल स्टील गिटारही मागून तीच घसरण उचलून धरते. दुःखाच्या जागी ते आवाज चढवत नाहीत. वाद्यमेळही त्यांना जागा सोडतो : फिडल, स्टील गिटार आणि साधा ताल शब्दांना झाकत नाहीत. ध्वनिमुद्रण स्वच्छ आणि आधुनिक आहे, परंतु सजावट नाही. सत्तावीस वर्षांचा तरुण इतक्या पोक्त आवाजात पराभवाची गाणी गातो, याचे तेव्हाच्या श्रोत्यांना नवल वाटले असल्यास त्यात आश्चर्य नाही.

१९८६ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने ट्रॅव्हिस यांना नवोदितांसाठीचा ‘होरायझन’ पुरस्कार दिला, तर अकॅडमी ऑफ कंट्री म्युझिकने ‘स्टॉर्म्स ऑफ लाइफ’ला त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवले. वर्षअखेरीस ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या प्रसिद्ध रेडिओ-रंगमंचाचे सदस्यत्वही त्यांना मिळाले. त्याच वर्षी ड्वाइट योकम आणि स्टीव्ह अर्ल यांचेही पदार्पणाचे अल्बम आले होते. तेही मोलाचे आहेत; पण परंपरेशी इमान राखूनही लाखोंनी प्रती विकता येतात, याचा निर्विवाद पुरावा कंपन्यांना ट्रॅव्हिस यांनी दिला. १९८९ मध्ये क्लिंट ब्लॅक आणि १९९० मध्ये अ‍ॅलन जॅक्सन यांनी पहिले अल्बम काढले, तेव्हा पारंपरिक घडणीच्या गायकासाठी दारे उघडी होती. जॅक्सन यांच्या त्या अल्बमाच्या निर्मात्यांत कीथ स्टेगल होते, हा योगायोग नव्हे.

२०१३ मध्ये आलेल्या पक्षाघाताच्या झटक्याने ट्रॅव्हिस यांचे गाणे आणि बोलणे जवळजवळ थांबले. २०१६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला. मे २०२४ मध्ये त्यांच्या नावाने एक नवे गाणे प्रसिद्ध झाले : जेम्स डुप्रे या गायकाने गायलेल्या मूळ मुद्रणावर, ट्रॅव्हिस यांच्या ४२ जुन्या गायनमुद्रणांवरून कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेला त्यांचा आवाज चढवण्यात आला होता. त्याचे निर्माते होते काइल लेनिंगच.