वर्गणीत काय मिळते? नव्या आणि जुन्या सभासदांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमच्या एअर रायफल आणि एअर पिस्तूल रेंजवर नाव घालायला येणारे बहुतेक जण आधी हेच विचारतात: "महिन्याची वर्गणी भरली की छर्रे किती मारायला मिळणार?" पैसे भरणाऱ्याने हे विचारायलाच हवे. उत्तर आहे, एका पाळीला, म्हणजे सरावाच्या एका सत्राला, ४०. हा आकडा ऐकून काहींचा चेहरा पडतो, विशेषतः मुलांचा. म्हणून हे पत्रक जरा सविस्तर लिहिले आहे. वर्गणीच्या रकमांचा तक्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर आहे, कारण छर्ऱ्यांचे भाव बदलले की तो बदलावा लागतो.

४०च का?

रेंज सुरू केली त्या वर्षी आम्ही छर्ऱ्यांवर मर्यादा ठेवली नव्हती. मुले तासाभरात दीडशे-दीडशे छर्रे मारायची. आई-वडील खूश, मुलेही खूश. महिनाअखेरीला आम्ही प्रत्येकाची पहिल्या आठवड्याची आणि शेवटच्या आठवड्याची टार्गेट कार्डे शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा फरक जवळपास काहीच नव्हता. उलट दमलेल्या हातांना ट्रिगर हिसकण्याची सवय लागली होती. ती मोडायला पुढे दोन-दोन महिने गेले. चूक आमची होती, आणि त्यातून आम्ही पाळीची आखणी बदलली.

आता एक पाळी ७५ मिनिटांची असते. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर १० मीटरच्या स्पर्धेत ६० शॉट्सना एवढाच वेळ मिळतो, म्हणून तोच धरला. सुरुवातीला दहा मिनिटे नुसते उभे राहायचे: पाय, कंबर, खांदा आणि श्वास. मग छर्रा न भरता वीस वेळा ट्रिगर सोडायचा, त्याला ड्राय फायर म्हणतात. त्यानंतर साइट, म्हणजे बंदुकीवरचे नेम धरायचे साधन, जुळवायला काही शॉट्स मिळतात, ते मोजत नाही. मग दहा-दहाच्या चार सीरिज. प्रत्येक सीरिजनंतर बंदूक खाली ठेवून कार्ड आणायचे आणि प्रशिक्षकाबरोबर पाहायचे.

वर्गणीतला सगळ्यात मोलाचा भाग हा कार्ड पाहण्याचा आहे. दर चार लेनना (लेन म्हणजे एका नेमबाजाची जागा) एक प्रशिक्षक असतो आणि पाळी संपेपर्यंत तो दुसरे कुठलेही काम करत नाही. छिद्रे एका जागी गोळा झाली असतील पण मध्यापासून डावीकडे असतील, तर दोष बहुधा साइटचा किंवा उभे राहण्याच्या दिशेचा असतो. साइटचा स्क्रू दोन क्लिक फिरवला किंवा मागचा पाय जरासा सरकवला की काम होते. छिद्रे उभ्या रेषेत पसरली असतील तर श्वासाकडे पाहावे लागते. चारी बाजूंना विखुरली असतील तर साइटला हातच लावायचा नाही, आधी होल्ड, म्हणजे बंदूक स्थिर धरणे, सुधारायचा. नवशिका एकट्याने सराव करतो तेव्हा प्रत्येक चुकलेल्या शॉटनंतर साइट फिरवत बसतो आणि अर्ध्या तासात पार गोंधळून जातो.

किती बारीक काम आहे ते आकड्यांवरून कळेल. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर. पिस्तुलाचे दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. पण पिस्तूल एकाच हाताने धरायचे असते. रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने सुटतो. ट्रिगर सुटल्यापासून तो नळीबाहेर पडेपर्यंत जो क्षण जातो, त्यात हात हलला तरी गुण जातो. म्हणून शॉट सुटल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा, असे प्रशिक्षक पुन्हा पुन्हा सांगतात. याला फॉलो थ्रू म्हणतात. वर्षभर हेच ऐकावे लागेल, कंटाळू नका.

जागा

आमची रेंज पूर्वीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आहे. लांबट शेड, जाड भिंती, आत खांब नाहीत: १० मीटरच्या लेनसाठी अशी जागा सोलापुरात शोधायला फार फिरावे लागले नाही. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर आहे आणि टार्गेटवर १५०० लक्सच्या वर उजेड पडतो. हा उजेड आम्ही मीटरने मोजतो, नजरेच्या अंदाजावर सोडत नाही. टार्गेटमागे तिरका पोलादी पत्रा आहे आणि त्यामागे जाड कापडाचा पडदा.

शेजारच्या शेडमध्ये माग अजून चालू आहेत, त्यांची खटखट ऐकू येते. काही सभासदांनी तक्रार केली, आणि लहान मुलांना पहिल्या आठवड्यात खरोखर त्रास होतो. तरी आम्ही भिंतीला ध्वनिरोधक लावलेले नाही. मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेरीत संगीत वाजते, प्रेक्षक टाळ्या पिटतात. खटखटीत शांत उभे राहायला शिकलेल्या मुलाला त्या दिवशी दचकायला होत नाही.

बंदुका, हवा आणि छर्रे

रेंजच्या रायफली आणि पिस्तुले वर्गणीतच वापरायला मिळतात. सगळ्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या आहेत. बंदुकीचा हवेचा सिलिंडर २०० बार दाबापर्यंत भरतो आणि भरण्याचे काम फक्त आमचा माणूस करतो. सभासदांनी पंपाला हात लावायचा नाही. स्वतःची बंदूक असेल तर हवा वर्गणीतच भरून मिळेल, पण आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख दाखवावी लागेल. या सिलिंडरची मुदत १० वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर आम्ही भरत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. आणि एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात भरलेला सिलिंडर बंद गाडीत ठेवू नका. आतला दाब वाढतो.

छर्रे सपाट तोंडाचे मिळतील. टोकदार छर्रा कार्ड फाडतो, सपाट तोंडाचा छर्रा गोल, स्वच्छ छिद्र पाडतो आणि गुण मोजताना वाद होत नाही. ५००च्या एका डब्यात साधारण बारा पाळ्या होतात आणि महिन्याच्या वर्गणीत पाळ्याही बाराच आहेत, म्हणजे दरमहा एक डबा तुमच्या नावाचा. त्याहून जास्त लागले तर आमच्या खरेदीच्या भावाने देतो, वर काही लावत नाही.

पिस्तूलवाल्यांसाठी एक वेगळी सोय आहे. स्पर्धेत एअर पिस्तुलाच्या ट्रिगरने किमान ५०० ग्रॅम वजन पेलावे लागते. ते वजन रेंजवर आहे. स्पर्धेला निघण्याआधी पिस्तूल घेऊन या, तपासून देतो. तिथे ऐन वेळी ट्रिगर हलका निघाला तर घाईत स्क्रू फिरवावा लागतो आणि मग सगळा दिवस हात अनोळखी ट्रिगरवर जातो.

वर्गणीत काय येत नाही

जॅकेट, पँट, बूट आणि हातमोजा येत नाही. शेडमध्ये चार मापांची जुनी जॅकेटे आहेत, ती पाळीपुरती वापरा. पालकांना आग्रहाची विनंती आहे की पहिले सहा महिने काही विकत घेऊ नका, बंदूक तर नाहीच. वाढत्या वयाच्या मुलाला आज शिवलेले जॅकेट पुढच्या वर्षी तोकडे होते, आणि रायफल की पिस्तूल हेही तोवर ठरलेले नसते. विक्रीत आमचा वाटा नाही, त्यामुळे हा सल्ला मोकळेपणाने देता येतो.

स्पर्धांची प्रवेश फी, महाराष्ट्र रायफल असोसिएशन किंवा नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाच्या सभासदत्वाचे शुल्क आणि प्रवासखर्च हे सगळे वेगळे. अर्ज भरून देणे, कागदपत्रे तपासणे आणि जिल्हा, राज्य, मग राष्ट्रीय अशी वाट समजावून सांगणे हे वर्गणीत आहे. बालेवाडीला स्पर्धेसाठी जाणाऱ्या गटाबरोबर एक प्रशिक्षक जातो, त्याचा खर्च रेंज करते.

२०२४च्या १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून "आमच्या मुलाला तेच शिकवा" म्हणणारे बरेच पालक येतात. आनंदच वाटतो. फक्त एवढे लक्षात घ्या, की तो प्रकार ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचा, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून नेम मारण्याचा आहे. त्यात .२२ ची रायफल असते आणि तिला परवाना लागतो. आमच्याकडे तो प्रकार नाही. मनू भाकरने त्याच ऑलिम्पिकमध्ये आणि अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला ज्यात पदक मिळवले, ते १० मीटरचे प्रकार आमच्याकडे आहेत.

सुरक्षा आणि कायदा

बंदुकीचे तोंड सदैव टार्गेटकडे. 'स्टॉप' ऐकू आले की बोट ट्रिगरबाहेर, बंदूक रिकामी, आणि ती रिकामी असल्याची खूण म्हणून नळीत रंगीत दोरी. कोणी टार्गेटकडे जात असेल तर बंदुकीला स्पर्शही नको. यातला एक नियम मोडला तर त्या दिवसाची पाळी संपली. पुन्हा मोडला तर सभासदत्व जाते आणि वर्गणी परत मिळत नाही. आजवर कोणासाठीही यात सवलत दिलेली नाही.

छर्रे शिशाचे असतात. शेडमध्ये खाणे-पिणे बंद आहे, अगदी शेंगदाणेसुद्धा. बाहेर पडताना साबणाने हात धुवा, मगच खाण्याचा डबा उघडा. शेडमध्ये कोरडा झाडू मारत नाही, ओल्या फडक्याने पुसतो, म्हणजे शिशाची धूळ उडत नाही. साठलेले शिसे भंगारात जाते आणि त्या पैशातून टार्गेट कार्डे येतात.

घरी जुनी स्प्रिंगची एअरगन असेल तर तिच्यावर ड्राय फायर करू नका, पिस्टन आपटून सील खराब होते. शस्त्र नियम २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअरगन बाळगायला परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणून ती कुठेही चालवता येते असे नाही. आपल्या जिल्ह्यात नान्नजला माळढोकाचे अभयारण्य आहे, आणि माळरानावर तित्तर आणि होले हे तर रोजचेच. पक्ष्यावर एअरगन रोखणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा ठरतो. आमचा सभासद असे करताना आढळला तर त्याला रेंजचे दार कायमचे बंद.

सुट्ट्या, खाडे, परतावा

सोमवारी रेंज बंद. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षता सोहळ्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही बंद. या दिवसांच्या पाळ्या बुडत नाहीत, पुढे घेता येतात. दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी फेब्रुवारी-मार्चची वर्गणी भरायची नाही. फक्त आधी एक चिठ्ठी द्या, लेन तुमच्या नावावर राहील. इतर कारणाने खाडा झाला तर त्या महिन्यातल्या चार पाळ्या पुढच्या महिन्यात नेता येतात, त्याहून जास्त नाही. सोडून जाताना अनामत रक्कम पूर्ण परत मिळते, नावावर रेंजची वस्तू राहिलेली नसेल तर.

पहिली पाळी

पहिली पाळी विनामूल्य आहे. वय १० वर्षे पूर्ण हवे. १८ वर्षांखालील मुलाबरोबर आई किंवा वडील हवेत, आणि दोघांच्या आधार कार्डाची प्रत. सपाट तळाचे बूट घाला, चप्पल चालत नाही. चष्मा असेल तर तोच घालून या. उपाशीपोटी येऊ नका, आणि येण्याआधी तासभर चहा घेऊ नका. संध्याकाळी सहानंतरच्या लेन लवकर भरतात, सकाळी सात ते नऊ मोकळ्या मिळतात.