हात उचलताना जात नाही, उतरवताना जातो

दसरा-दिवाळीची आवराआवर सुरू झाली की ‘दंडात चमक निघाली’, ‘शीर चढली’ हे शब्द घरोघरी ऐकू येतात. पाठोपाठ एक वाक्य ठरलेलं असतं, ‘अहो, जड असं काही उचललंसुद्धा नव्हतं!’ ऐकणाऱ्याला ते पटत नाही, पण बोलणारा बहुधा खरंच सांगत असतो. माळ्यावरचा पितळी हंडा खाली घेताना, भरलेला सिलिंडर ओट्याखाली टेकवताना किंवा हातून निसटणारी बादली सावरताना हात दुखावतो. वजन वर नेताना नव्हे, तर खाली जाणारं वजन थोपवताना. असं का, हे कळलं की दुखावलेल्या हाताचं काय करायचं तेही आपोआप कळतं.

शाळेतली तरफ आठवा. कोपर हा टेकू. बेटकुळी दाखवताना फुगतो तो बायसेप्स कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो. वजन मात्र तळहातात, म्हणजे साधारण पस्तीस सेंटिमीटर लांब. कोपर काटकोनात असेल तर दहा किलोची बादली धरायला बायसेप्स आणि त्याच्या सोबतच्या स्नायूंना मिळून सत्तर-ऐंशी किलोंचा ओढा पेलावा लागतो. सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो, टाकीचं वजन त्याहून थोडं जास्तच. दोन्ही मिळून तीस किलोंच्या आसपास.

आता स्नायूच्या आत जाऊ. स्नायूचा प्रत्येक तंतू म्हणजे अतिसूक्ष्म कप्प्यांची लांबलचक रांग. या कप्प्याला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या अडीचपट, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये असे चार हजार कप्पे मावतात. कप्प्यात अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांत शिरलेले असतात. मायोसिनची इवली डोकी अ‍ॅक्टिनला धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा धरतात. धागे एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आखडतो. दर वेळी सोडायला एटीपी हे इंधन लागतं.

इथवर पाठ्यपुस्तकात आहे. पण हंडा उतरवताना बायसेप्स जोर लावत असतो आणि त्याच वेळी लांबही होत असतो! या अवस्थेत मायोसिनची डोकी आपणहून सुटत नाहीत, वजन त्यांना हिसकून सोडवतं. त्यामुळे इंधन फारसं लागत नाही, आणि प्रत्येक डोकं सुटण्याआधी जास्त ताण झेलतं. लांब होणारा स्नायू स्थिर स्नायूच्या कमाल बळाच्या दीडपटीपर्यंत, कधी त्याहूनही जास्त बळ देऊ शकतो.

याचा एक फार सुंदर प्रयोग १९५२ साली ब्रिटनमधल्या बर्नार्ड अ‍ॅबट, ब्रेंडा बिगलँड आणि मर्डॉक रिची यांनी प्रसिद्ध केला. जागेवरच्या दोन सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने नेहमीसारखे पेडल मारायचे, दुसऱ्याने ते पायांनी अडवायचे. साखळी एकच, म्हणून दोघांच्या पायांवरचं बळ सारखं. तरीही अडवणाऱ्याला लागणारा ऑक्सिजन पेडल मारणाऱ्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला.

घरकामातला धोका नेमका इथे आहे. वजन उतरवताना धाप लागत नाही, म्हणून काम हलकं वाटतं. शिवाय त्या वेळी कमी तंतू कामाला लागलेले असतात, त्यामुळे एकेका तंतूवर जास्त भार पडतो. सगळे कप्पे सारखे मजबूत नसतात. डेव्हिड मॉर्गन यांनी १९९० मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार सर्वांत कमजोर कप्पा आधी एकदम ताणला जातो, त्यातले धागे एकमेकांतून निघून येतात आणि भार शेजारच्यांवर जातो. एवढंच झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. तो लॅक्टिक आम्लामुळे लागतो असं अजून सांगितलं जातं, पण ते आम्ल तास-दीड तासात रक्तातून निघून गेलेलं असतं. हिसका मोठा असेल तर स्नायू कंडरेला, म्हणजे त्याला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, मिळतो तिथे फाटतो, आणि क्वचित कंडराच हाडापासून सुटते.

मग करायचं काय? हातातलं काम तिथेच थांबवा. पहिले दोन-तीन दिवस हाताला आराम द्या, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवला की दुखणं दबतं. शेक आणि चोळणं मात्र टाळाच. आत रक्तस्राव चालू असताना तेल लावून रगडलं तर तो वाढतो. कोपराला मार बसल्यावर जोरात मालिश केल्याने स्नायूत चक्क हाड तयार झाल्याची, कोपर कायमचं आखडल्याची उदाहरणं अस्थिरोगतज्ज्ञांना चांगली माहीत आहेत. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायची, ही समजूतही अजून टिकून आहे. साधी उसण काही दिवसांत आपोआप ओसरते आणि श्रेय लाथेला जातं. आत खरंच काही फाटलं असेल तर त्या नादात उपचाराचे दिवस वाया जातात.

ते दिवस मोलाचे असतात. ‘टक्’ असा आवाज आला, कोपराच्या खळगीत काळंनिळं झालं, बेटकुळी दंडात वर सरकल्यासारखी दिसू लागली किंवा स्क्रू पिळायची ताकद गेली, तर बायसेप्सची कंडरा तुटलेली असू शकते. शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सोपी जाते, नंतर कंडरा वर ओढली जाऊन आखडते. बोटं बधिर, गार किंवा निळसर पडली, हात वाकडा दिसला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. आणि कसलाही हिसका बसलेला नसताना डावा हात दुखतोय, घाम फुटलाय, छाती भरून आलीय, तर तो स्नायूचा प्रश्न समजू नका, १०८ ला फोन करा.

साधी लचक असेल तर दोन-तीन दिवसांनी हात हलवायला लागा. महिनाभर झोळीत अडकवून ठेवलेला हात आखडतो. इथे पुन्हा ते लांब होणं उपयोगी पडतं. सोसेल इतपत ताणाखाली स्नायू सावकाश लांब केला, की पुढचे काही आठवडे तो तशाच ताणाला पहिल्यापेक्षा चांगला तोंड देतो. दुखणं ओसरल्यावर फिजिओथेरपिस्टला विचारून पाण्याची बाटली घ्या, तळाशी थोडंसंच पाणी ठेवा. चांगल्या हाताने ती वर आणायची, दुखऱ्या हाताने चार-पाच सेकंद घेत खाली न्यायची. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं नाही, तरच बाटलीत थोडं पाणी वाढवायचं.