ओढ्याची तब्येत दगडाखाली कळते

पाणी नितळ दिसलं की आपण लगेच म्हणून टाकतो, ओढा चांगलाय. पण नितळ पाण्यात सुद्धा काहीच जगत नाही असं होऊ शकतं आणि श्रावणात काळ्या रानाची माती घेऊन गढूळ वाहणारा ओढा आतून धडधाकट असू शकतो. बाटली भरून लॅबला दिली तरी त्या बाटलीत त्या मिनिटाचंच पाणी असतं, रात्री कुणी वरच्या अंगाला टँकर रिकामा केला किंवा मळीचं पाणी सोडलं तर सकाळपर्यंत ते खाली निघून जातं आणि रिपोर्ट येतो सगळं नॉर्मल. दगडाखालच्या किड्यांना मात्र कुठं पळता येत नाही, ते महिनोन्महिने तिथंच असतात, म्हणून आधी ते बघायचे.

त्याला फार सामान लागत नाही. मच्छरदाणीचं कापड चौकटीला लावून प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायचं, त्याच्या वरच्या बाजूचे दगड पायानं तीनेक मिनिटं ढवळायचे आणि जाळीत आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात उपडं करायचं. सुरुवातीला नुसता कचराच दिसतो, कुजकी पानं, वाळू, काड्या, आणि जरा दम धरला की त्यातला अर्धा कचरा चालायला लागतो. शेपटीला तीन केस आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे कल्ले, तेही सारखे थरथरतायत, ही मेफ्लाय नावाच्या उडणाऱ्या किड्याची पिल्लं. वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या बारक्या नळीतून डोकं बाहेर काढते ती कॅडिस नावाच्या किड्याची अळी. या दोघांना भरपूर ऑक्सिजन लागतो, पाणी बिघडलं की पहिले हेच जातात. ट्रेमध्ये यांचे चार-पाच वेगवेगळे प्रकार सापडले तर मला खरंच आनंद होतो.

उलट ट्रेमध्ये फक्त रक्तासारख्या लाल अळ्या वळवळत असतील तर काळजी करायची. त्यांच्या अंगात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं त्यामुळं ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या काळ्या गाळातही त्या तग धरतात. दोन-चार कुठंही सापडतात, पण त्या सोडून दुसरं काहीच नाही म्हणजे वरून सांडपाणी येतंय असं धरून चला. ब्रिटनमध्ये याच तत्त्वावर किड्यांच्या कुळांना 1 ते 10 गुण द्यायची, जितकं नाजूक कूळ तितके जास्त गुण अशी पद्धत बसवली आणि आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ती भारतासाठी बदलून घेतली. बदल लागणारच, कारण तिकडं भरपूर गुण मिळवणाऱ्या स्टोनफ्लाय या किड्याला थंड पाणी लागतं, ती मराठवाड्यातल्या बालाघाट डोंगराखालच्या ओढ्यात नाही सापडली म्हणून ओढा आजारी ठरत नाही.

गरम पाण्याचा मुद्दा आपल्याकडं मोठा आहे. 20 अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला साडेसातच, आणि माशांसाठी सरकारी निकष किमान 4 चा आहे. शेवाळ माजलेलं असेल तर दुपारी ऑक्सिजनचा मीटर मस्त आकडा दाखवतो, पण रात्रभर तेच शेवाळ ऑक्सिजन खातं, म्हणून मोजायचं तर पहाटे उजाडायच्या आत. काठावरचे करंज, उंबर, जांभूळ तोडले की सावली जाते, पाणी तापतं आणि किड्यांचं खाणं असलेला पालापाचोळाही बंद होतो, सगळं एकदमच.

आता आटण्याचं. मराठवाड्यातले बरेचसे ओढे दरवर्षी आटतात, मार्चमध्ये कोरडा पडला म्हणून ओढा मेला असं समजू नका. कितीतरी जीव वाळूखालच्या ओलीत, डोहात किंवा अंड्यांच्या रूपात उन्हाळा काढतात. त्यामुळं बघायची वेळ पाऊस थांबून पाणी निवळलं की, दिवाळीच्या आगेमागे. एप्रिलच्या उरल्यासुरल्या डबक्यावरून निकाल लावणं अन्यायच आहे. मात्र धार कधी तुटली याची तारीख दरवर्षी लिहून ठेवा. बेसाल्टच्या भेगांत आणि मुरमात मुरलेलं पाणीच पावसाळ्यानंतर ओढ्याला झिरपत येतं, आजूबाजूला बोअर वाढले की हे झिरपणं लवकर थांबतं. पावसाचं मान तेवढंच असून धार दरवर्षी आधी तुटत असेल तर उत्तर बोअरमध्ये शोधायला लागेल.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते ती नाला खोलीकरणाची. पाणी अडवायला पाहिजे हे दुष्काळ बघितलेल्या माणसाला सांगायची गरज नाही, 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलेलं आपण बघितलंय. पण जेसीबीनं सरसकट तळ खरवडून सरळ चर काढला की गोटे जातात, खळाळ जातो, वाळू जाते, आणि पाणी साठलं तरी त्यात राहायला जागाच उरत नाही. खोदायचंच असेल तर मधे मधे गोट्यांचे पट्टे तसेच सोडा, जुने डोह आणि काठाची झाडं सोडा. मग खोदलेल्या भागातून एक ट्रे आणि वरच्या न खोदलेल्या भागातून एक ट्रे, एकाच दिवशी, तेवढीच मिनिटं ढवळून काढा आणि शेजारी शेजारी ठेवून किडे मोजा, ग्रामसभेत दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.