सुरखी ते राख: काँक्रीटमधल्या टाकाऊ मालाची पार्श्वभूमी

फुटक्या विटा कुटून त्यांची पूड चुन्यात मिसळायची, ही आपल्याकडची जुनी रीत. ही पूड म्हणजे सुरखी. नुसता चुना पाण्यात टिकत नाही, सुरखी पडली की टिकतो. १८९५ सालचं मुल्लपेरियार धरण आणि पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांचं कृष्णराजसागर चुना-सुरखीतच उभं राहिलं. आपण पर्यावरण वाचवतोय असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. विलायती सिमेंट महाग होतं, इतकंच.

देशात सिमेंट मुबलक झालं आणि सुरखी मागे पडली. टाकाऊ माल परतला तो वेगळ्याच अडचणीपायी. सिमेंट घट्ट होताना तापतं. धरणाच्या अवाढव्य काँक्रीटमध्ये ती उष्णता कोंडते आणि तडे जातात. कोळशाच्या वीजकेंद्रांच्या धुरातली बारीक राख, म्हणजे फ्लाय अ‍ॅश, काही सिमेंटच्या जागी घातली तर हा ताप कमी होतो. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या आर. ई. डेव्हिस यांनी सहकाऱ्यांसह १९३७ मध्ये या राखेवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे माँटानातल्या हंग्री हॉर्स धरणात ती भरपूर वापरली गेली. आपल्याकडे १९६२ मध्ये पूर्ण झालेल्या रिहंद धरणात सुमारे १५ टक्के सिमेंटची जागा राखेने घेतली. गंमत अशी, की नंतर त्याच रिहंदच्या जलाशयाकाठी औष्णिक केंद्रांची रांग लागली आणि राखेचे तलाव भरत गेले.

म्हणजे गुण माहीत होता, तरी राख वापरायची सरकारी सक्ती यायला १९९९ उजाडलं. तीही काँक्रीटच्या प्रेमापोटी नाही. भारतीय कोळशात ३० ते ४५ टक्के राख असते आणि ती ठेवायला जागा उरेना. वीजकेंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या वीटभट्ट्यांना मातीत किमान २५ टक्के राख मिसळणं बंधनकारक झालं; २०१६ पर्यंत या सरकारी अधिसूचनेचा परीघ ३०० किलोमीटरवर गेला.

आज दुकानात मिळणाऱ्या पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या पोर्टलँड पॉझोलाना सिमेंटच्या, गोणीत ३५ टक्क्यांपर्यंत राख चालते. तरी ‘राखेचं सिमेंट’ म्हणून नाक मुरडणारे भेटतात. त्यांचा अनुभव खोटा नाही: राख सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश संयोग पावते, त्यामुळे सुरुवातीची ताकद उशिरा येते. म्हणूनच आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगितलंय, तर राखेच्या सिमेंटला १०. सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीटला आधार देणारा साचा, काढायची घाई असलेल्या ठेकेदाराला हे तीन दिवस जड जातात.

पाडलेल्या इमारतींच्या राडारोड्याची पाळी सर्वांत शेवटी आली. त्यातल्या काँक्रीटची खडी करून एम२५ या ताकदीच्या प्रतीपर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरायला आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकाने परवानगी दिली, तीही २०१६ मध्ये.