मोफत वार्षिक क्रेडिट रिपोर्ट

भारतातील प्रत्येक पतमाहिती कंपनीने, म्हणजे लोकांच्या कर्जांची व त्यांच्या फेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने, मागणाऱ्या व्यक्तीला कॅलेंडर वर्षातून एकदा विनाशुल्क द्यावयाचा, स्कोअरसह (पत दाखवणाऱ्या आकड्यासह) संपूर्ण अहवाल. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने ही सोय १ जानेवारी २०१७ पासून सुरू झाली. अशा कंपन्या चार : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिल सर्वांत जुनी, २००० साली स्थापन झालेली. त्यामुळे बोलण्यात सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतात. ‘तुमचं सिबिल खराब आहे’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यापुढे अहवाल दुसऱ्याच कंपनीचा असू शकतो. पीककर्जासाठी सिबिल मागू नका, अशी तंबी राज्य सरकारने बँकांना दिली ती याच अहवालाबद्दल.

कंपन्या चार म्हणजे मोफत अहवालही वर्षाला चार. दर तिमाहीला एकेकीकडून मागवला तर वर्षभर नजर राहते. कंपनीच्या संकेतस्थळावर नाव, पॅन, जन्मतारीख व मोबाइल क्रमांक भरून ओटीपी दिला की अहवाल मिळतो. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद झाला असेल, तर घोडे बहुधा इथेच अडते. त्याच पानावर पैसे भरून घ्यायच्या सदस्यत्वाच्या योजनाही असतात. त्या घेतल्याशिवाय मोफत अहवाल मिळतो. आपला अहवाल आपणच पाहिल्याने स्कोअर घटतो, हा समज चुकीचा आहे. कर्ज वा कार्डासाठी अर्ज केल्यावर बँक जी चौकशी करते, तिची नोंद मात्र स्कोअरमध्ये धरली जाते.

स्कोअर ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो आणि बहुतेकांची नजर तिथेच थांबते. खरे वाचायचे ते त्याखालचे खात्यांचे तक्ते. महिन्याच्या चौकटीत ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही, ‘०३०’ म्हणजे हप्ता तीस दिवस थकलेला; तीन फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवलेलीच नाही. कधीही न वापरलेल्या कार्डाची ५०० रुपये वार्षिक फी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, असे ५९० रुपये भरायचे राहून गेले तरी ते थकबाकी म्हणून इथे उमटू शकतात. ‘सेटल्ड’ हा शेरा सर्वांत फसवा. ग्राहकाला वाटते खाते मिटले. पुढच्या बँकेला दिसते की आधीच्या बँकेने काही रक्कम सोडून तडजोड केली. पूर्ण फेड झालेल्या खात्यावर ‘क्लोज्ड’ हवे. मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीन राहिलेल्याच्या अहवालातही ते कर्ज दिसते, आणि पुष्कळांना आपल्या जुन्या सहीची आठवण तिथेच होते.

पॅनमधील एका अक्षराच्या चुकीने परक्याचे कर्ज आपल्या नावावर चढणे, फिटलेले कर्ज चालू दिसणे, या नेहमीच्या चुका. त्यांची तक्रार पतमाहिती कंपनीकडे करता येते, पण ती कंपनी नोंद स्वतःहून बदलत नाही. कर्ज देणाऱ्या बँकेने दुजोरा द्यावा लागतो. म्हणून तक्रार दोन्हीकडे एकदमच टाकावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्या तीस दिवसांपैकी २१ बँकेच्या वाट्याचे. उशीर जिच्याकडून झाला तिने भरपाई द्यायची. पतमाहिती कंपन्या सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत आहेत, म्हणजे त्यांच्याविरुद्धची तक्रार तिथे नेता येते.

विलीन झालेल्या बँकेचे खाते असेल तर तक्रार नव्या बँकेकडे जाते. देना बँकेचे जुने कर्ज असेल तर, २०१९ च्या विलीनीकरणामुळे, ती बँक ऑफ बडोदाकडे. कर्ज फिटल्यावर बँकेने दिलेला ना-हरकत दाखला जपून ठेवलेला असला तर त्याची प्रत जोडायची. नसला तर जुन्या खात्याचा क्रमांक शोधण्यापासून सुरुवात.