ओब्रायन : राजघराण्यापासून राज्यसभेपर्यंत पोहोचलेल्या आडनावाची पार्श्वभूमी

राज्यसभेचे कामकाज पाहणाऱ्यांना तृणमूल काँग्रेसचे डेरेक ओब्रायन चांगलेच परिचयाचे आहेत. क्रिकेट पाहणाऱ्यांना २ मार्च २०११ ची बंगळुरूची रात्र आठवत असेल. विश्वचषकाच्या त्या सामन्यात आयर्लंडच्या केव्हिन ओब्रायनने अवघ्या ५० चेंडूंत शतक ठोकले आणि इंग्लंडच्या ३२७ धावांचा डोंगर त्याच्या संघाने पार केला. एक कोलकात्याचे, दुसरा डब्लिनचा, आणि दोघांत कोणतेही ज्ञात नाते नाही. तरीही दोघांचे आडनाव ज्या माणसाच्या नावावरून आले, तो एकच आहे आणि त्याला मरून हजार वर्षे उलटली आहेत. आयर्लंडच्या नैर्ऋत्येकडील एका घराण्याची ही ओळख इतकी दूर कशी पसरली, हे पाहू गेल्यास आयर्लंडचा सारा राजकीय इतिहास वाटेत भेटतो. राज्य, शरणागती, परागंदा होणे, दुष्काळ आणि अखेरीस परक्या साम्राज्याची चाकरी, या सर्वांनी हे आडनाव घडवले आहे. त्यात रक्ताच्या नात्याचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे.

तो मूळ पुरुष म्हणजे ब्रायन बोरू. शॅनन नदीच्या खोऱ्यात, आजच्या क्लेअर परगण्यात राहणाऱ्या डाल गॅश नावाच्या एका तुलनेने लहान टोळीचा तो प्रमुख होता. किलालू येथील किंकोरा हे त्याचे ठाणे. आयर्लंडच्या सर्वोच्च राजाचे पद पिढ्यान् पिढ्या उत्तरेकडील ई नील घराण्याकडे चालत आले होते. ब्रायनने १००२ मध्ये ते आपल्याकडे घेतले. १००५ मध्ये त्याने आर्माच्या धर्मपीठाला भेट दिली, तेव्हा तेथील हस्तलिखितात त्याचा उल्लेख ‘आयरिश लोकांचा सम्राट’ असा लॅटिनमध्ये नोंदवला गेला. २३ एप्रिल १०१४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, डब्लिनजवळ क्लॉन्टार्फ येथे डब्लिनचे नॉर्स (वायकिंग वंशाचे) लोक आणि पूर्वेकडील लेन्स्टर प्रांताचा राजा यांच्या संयुक्त सैन्याशी त्याची लढाई झाली. त्याच्या बाजूची सरशी झाली. परंतु तो स्वतः, त्याचा मुलगा मुर्खा आणि एक नातू त्याच दिवशी मारले गेले. आयरिश लोकांनी परकीय वायकिंगांना हाकलले, असे या लढाईचे वर्णन पुढे लोकप्रिय झाले. ते अपुरे आहे, कारण दोन्ही बाजूंना आयरिशही होते आणि नॉर्सही.

ब्रायनच्या हयातीत ओब्रायन हे आडनाव नव्हते. आयरिश भाषेत ‘उआ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि त्याचेच पुढे ‘ओ’ झाले. वंशपरंपरागत आडनावे युरोपात ज्या प्रदेशांत सर्वात आधी रुजली, त्यांत आयर्लंड आहे. आपल्याकडे गावावरून आडनाव लावण्याची रीत आहे, तशी तेथे पूर्वजावरून लावण्याची होती, आणि ज्याच्या नावाने वारसाहक्क सांगता येईल असाच पूर्वज निवडला जाई. ब्रायनचा नातू टर्लो याने आपल्या चुलत्याला सत्तेवरून दूर केले आणि १०८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत देशातील सर्वात बलाढ्य राजा म्हणून राज्य केले. त्याच्या दृष्टीने ‘ब्रायनचा नातू’ ही केवळ ओळख नव्हती, तो गादीवरचा दावा होता. त्याचा मुलगा मुर्टॉ याने हेच बिरूद पुढे चालवले, वस्तुतः तो ब्रायनचा पणतू होता. बिरुदाचे आडनाव झाले ते या टप्प्यावर. मुर्टॉने ११०१ मध्ये कॅशेलचा खडक, म्हणजे दक्षिणेकडील मन्स्टर प्रांताच्या राजांचे पुरातन पीठ, चर्चला दान दिला. हे दान लक्षात ठेवावे लागेल, कारण त्याचा संबंध साडेपाचशे वर्षांनी पुन्हा येतो.

बाराव्या शतकात अँग्लो-नॉर्मन सरदार आयर्लंडमध्ये उतरल्यावर ओब्रायनांचे राज्य आक्रसत गेले आणि थॉमंड या प्रदेशापुरते (आजचा क्लेअर परगणा आणि परिसर) उरले. तेथे मात्र ते टिकले. १५४३ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात घराण्याच्या इतिहासातील सर्वात निर्णायक घटना घडली. मरो ओब्रायनने आपले राजेपद आणि जमीन इंग्लंडच्या राजाच्या स्वाधीन केली, आणि राजाने तीच जमीन त्याला ‘अर्ल ऑफ थॉमंड’ व ‘बॅरन इंचिक्विन’ या किताबांसह परत दिली. या धोरणाला शरणागती आणि पुनर्प्रदान म्हणतात. वरवर पाहता कोणाचेच काही गेले नाही. पण टोळीने निवडलेला प्रमुख संपला आणि बापाकडून थोरल्या मुलाकडे जाणारी इंग्रजी सरदारकी आली. ज्या घराण्यांनी ही तडजोड नाकारली किंवा पुढे मोडली, त्यांच्यातील अनेकांच्या जमिनी सतराव्या शतकात जप्त झाल्या. ओब्रायनांची गढी राहिली, त्याचे कारण ही शरणागती आहे. त्याबद्दल त्यांना दूषण देणे सोपे आहे, परंतु मरोसमोर जे पर्याय होते त्यांतला एकही सन्मानाचा नव्हता.

तडजोडीची किंमत शंभर वर्षांनी दिसली. सहावा बॅरन इंचिक्विन, त्याचेही नाव मरोच, प्रॉटेस्टंट म्हणून वाढला होता. १६४० च्या दशकातील युद्धात त्याने मन्स्टरमध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटच्या बाजूने इतकी जाळपोळ केली की आयरिश भाषेत त्याला ‘जाळपोळीचा मरो’ हे नाव पडले. सप्टेंबर १६४७ मध्ये त्याच्या सैन्याने कॅशेलचा खडक लुटला आणि आश्रयाला आलेल्या सैनिकांची व सामान्य माणसांची कत्तल केली. मुर्टॉने चर्चला दिलेले ते ठिकाण हेच. पुढल्याच वर्षी मरो पार्लमेंटविरुद्ध लढणाऱ्या राजाच्या पक्षाला मिळाला, मग फ्रान्समध्ये परागंदा झाला आणि तेथे कॅथॉलिक झाला. आयर्लंडमधील अनेक कुटुंबांत हे आडनाव अभिमानाने सांगितले जाते. त्यात कॅशेलची ही घटनाही सांगितली जावी, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

घराण्याच्या दुसऱ्या शाखेने उलटी वाट धरली. १६९१ मध्ये आयर्लंडमधील युद्ध संपवणाऱ्या लिमरिकच्या तहानंतर हजारो आयरिश कॅथॉलिक सैनिक फ्रान्सला निघून गेले, त्यांत व्हायकाउंट क्लेअर हा किताब धारण करणारे ओब्रायन होते. त्यांच्यापैकी सहावे व्हायकाउंट चार्ल्स ओब्रायन १७४५ मध्ये फोंतेन्वा येथे इंग्रजांविरुद्ध लढले आणि पुढे फ्रान्सचे मार्शल झाले. एकाच घराण्याचे लोक एका बाजूला लंडनच्या दरबारात आणि दुसऱ्या बाजूला त्या दरबाराच्या शत्रूच्या सैन्यात, अशी स्थिती कित्येक दशके राहिली.

या सर्व ओब्रायनांमध्ये ज्याच्याकडे अधिक काळ थांबून पाहावे, असा माणूस विल्यम स्मिथ ओब्रायन आहे. १८०३ मध्ये क्लेअर परगण्यातील ड्रोमोलंड येथे त्याचा जन्म झाला. शरण गेलेल्या मरोचा तो थेट वंशज; धर्माने प्रॉटेस्टंट, वर्गाने जमीनदार, शिक्षण हॅरो आणि केंब्रिजचे. स्मिथ हे नाव त्याच्या आईच्या माहेरचे. १८२८ पासून तो बहुतेक काळ ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य होता, आणि सुधारणा कायद्याच्या मार्गाने होतील असा त्याचा कित्येक वर्षे विश्वास होता. १८४५ पासून बटाट्याचे पीक रोगाने सडू लागले, उपासमार पसरली, आणि पार्लमेंटचे लक्ष मात्र दुसरीकडेच राहिले. १८४६ मध्ये रेल्वेविषयक समितीवर काम करण्यास त्याने नकार दिला आणि आपण आयर्लंडच्या प्रश्नांखेरीज दुसऱ्या कामात वेळ घालवणार नाही, असे सांगितले. त्याबद्दल हाउस ऑफ कॉमन्सने त्याला आपल्याच इमारतीत काही आठवडे कैदेत ठेवले.

१८४८ मध्ये फ्रान्समधील क्रांतीनंतर तो आपला सहकारी थॉमस फ्रान्सिस माहर याच्यासह पॅरिसला गेला. नव्या प्रजासत्ताकाचे अभिनंदन करून परतताना जो हिरवा-पांढरा-केशरी झेंडा माहरने आणला, तोच आज आयर्लंडचा राष्ट्रध्वज आहे. त्या वर्षी जुलैत सरकारने विनाचौकशी अटकेचा अधिकार हाती घेतला आणि ओब्रायन आणि त्याच्या साथीदारांना तयारी नसतानाच ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव करावा लागला. २९ जुलै रोजी टिपरेरी परगण्यातील बॅलिंगॅरीजवळ चाळीसहून अधिक पोलीस मॅकॉरमॅक नावाच्या एका विधवेच्या घरात शिरून बसले. बाई बाहेर गेली होती, तिची मुले आत अडकली होती. परत आल्यावर तिने ओब्रायनला गाठले आणि आपल्या मुलांचे काय, असा जाब विचारला. तो तिच्यासह घराच्या खिडकीपाशी गेला, आतल्या पोलिसांशी त्याने हात मिळवले आणि बंदुका खाली ठेवून निघून जा, आम्हाला तुमचा जीव नको, असे त्यांना सांगितले. बोलणी चालू असतानाच जमावातून दगड आले, आतून गोळ्या सुटल्या आणि उठावकऱ्यांपैकी दोघे ठार झाले. उपाशी माणसांचा तो उठाव त्या संध्याकाळपर्यंत संपला. लंडनच्या वृत्तपत्रांनी त्याची त्या विधवेच्या कोबीच्या वाफ्यातली लढाई म्हणून टिंगल केली. खिडकीशी निःशस्त्र उभा राहिलेला तो माणूस टिंगलीचा विषय होऊ शकतो, हे मला आजही पटत नाही.

क्लॉनमेल येथे त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि देहान्ताची शिक्षा झाली. ती रद्द करावी म्हणून हजारो सह्यांचे अर्ज गेले. सरकारला त्याला हुतात्मा करायचे नव्हते. त्याने मात्र शिक्षेतील सवलत स्वीकारण्यास नकार दिला. तेव्हा १८४९ मध्ये राजद्रोहाच्या कैद्यांना संमतीविना काळ्या पाण्यावर पाठवता यावे यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि त्याची रवानगी टास्मानियाला झाली. १८५४ मध्ये सशर्त आणि १८५६ मध्ये पूर्ण माफी मिळून तो परतला. १८५५ मध्ये त्याचा थोरला भाऊ ल्यूशियस तेरावा बॅरन इंचिक्विन झाला होता. एक भाऊ सरदार आणि दुसरा माफी मिळालेला कैदी, हे चित्र या घराण्याच्या तीनशे वर्षांच्या कोंडीचे आहे. १८६४ मध्ये वेल्समध्ये विल्यमचे निधन झाले. त्याचा पुतळा आज डब्लिनच्या ओकॉनेल स्ट्रीटवर आहे.

त्याची मुलगी शार्लट ग्रेस ओब्रायन हिचे नाव कमी घेतले जाते, ते योग्य नाही. दुष्काळानंतर अमेरिकेला जाणाऱ्या आयरिश लोकांचा लोंढा थांबला नव्हता, आणि त्यात एकट्या निघालेल्या तरुण मुली मोठ्या संख्येने असत. १८८१ मध्ये तिने क्वीन्सटाउन बंदरात जहाजाच्या तळमजल्यावर प्रवाशांना कसे कोंबले जाते, हे स्वतः पाहून वृत्तपत्रांत लिहिले. बंदरात या मुलींसाठी निवासगृह काढले, स्वतः न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या चाळवजा वस्तीत राहिली आणि तेथील कॅथॉलिक धर्मगुरूंना मुलींसाठी मदतकेंद्र उभारायला लावले. ती स्वतः प्रॉटेस्टंट कुटुंबातली होती आणि तोवर तिची श्रवणशक्ती गेलेली होती.

अमेरिकेत ओब्रायन त्याआधीच पोहोचले होते. जून १७७५ मध्ये आजच्या मेन राज्यातील मचायस येथे जेरेमाया ओब्रायन आणि त्याच्या भावांनी ब्रिटिशांचे ‘मार्गारेटा’ हे जहाज पकडले. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या नावाने बांधलेले मालवाहू जहाज १९४४ मध्ये नॉर्मंडीला गेले होते आणि आज ते सॅन फ्रान्सिस्कोत जतन केलेले आहे. विसाव्या शतकात आयरिश स्थलांतरितांचा मुलगा लॉरेन्स ओब्रायन हा जॉन केनेडी यांचा निकटचा सहकारी झाला. १९७२ मध्ये वॉटरगेट इमारतीतील ज्या कार्यालयात चोरटे शिरले, ते त्याच्या अध्यक्षतेखालील डेमोक्रॅटिक राष्ट्रीय समितीचे होते. अमेरिकी बास्केटबॉलच्या विजेत्यांना आज मिळणारा करंडकही त्याच्याच नावाचा आहे. इंग्लंडमध्ये १८६७ साली मँचेस्टरलगतच्या सॉल्फर्ड येथे फाशी गेलेल्या तीन आयरिश क्रांतिकारकांपैकी एक मायकेल ओब्रायन होता. या सर्वांचा क्लेअरच्या गढीशी संबंध जोडता येत नाही. टोळीप्रमुखाचे आडनाव त्याच्या आश्रयातील कुटुंबांनीही घेतल्याची उदाहरणे आयर्लंडमध्ये पुष्कळ आहेत, त्यामुळे ओब्रायन म्हणजे ब्रायनचा वंशज असे समीकरण मांडणे धोक्याचे आहे. क्लेअरमधील टुआमग्रेनी गावात, किंकोरापासून काही मैलांवर, जन्मलेली लेखिका एड्ना ओब्रायन हिच्या पहिल्या कादंबरीवर १९६० मध्ये तिच्याच देशाने बंदी घातली. परकीय राज्य गेल्यानंतरचा तो आयर्लंड होता.

भारतात हे आडनाव आले ते बंडखोरांबरोबर नव्हे, तर शिपायांबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत भरती होणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे आयर्लंडचे असत, कारण घरी जमीन नव्हती आणि कंपनी पगार देत होती. या संबंधाची एक खूण महाराष्ट्रातही आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत पेशव्यांच्या सैन्यासमोर उभी राहिलेली बॉम्बे युरोपियन रेजिमेंट पुढे १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युसिलियर्सची दुसरी बटालियन झाली, आणि खडकीचा युद्धसन्मान त्या आयरिश पलटणीच्या वारशात गेला. पारतंत्र्यातल्या देशाची तरुण मुले दुसरा देश पारतंत्र्यात नेण्यासाठी लढली, हे या इतिहासातले मोठे दुःख आहे.

आयरिश शिपाई, रेल्वे कर्मचारी आणि कारकून येथे स्थायिक झाले, भारतीय स्त्रियांशी त्यांचे विवाह झाले आणि अँग्लो-इंडियन समाजात आयरिश आडनावे रुजली. कोलकात्याचे नील ओब्रायन याच समाजातले. १९६७ मध्ये त्यांनी कोलकात्यातील एका चर्चच्या सभागृहात भारतातील पहिली खुली प्रश्नमंजूषा घेतली, पुढे ते आयसीएसई परीक्षा मंडळाचे अध्यक्ष झाले आणि लोकसभेवर नामनियुक्तही झाले. डेरेक हे त्यांचे चिरंजीव. प्रश्नमंजूषेचे सूत्रसंचालक म्हणून घरोघरी पोहोचल्यानंतर ते २०११ मध्ये राज्यसभेवर गेले.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३६६ मध्ये अँग्लो-इंडियन कोण, हे सांगताना ज्याचा पिता किंवा पितृवंशातील कोणी पुरुष पूर्वज युरोपीय वंशाचा आहे, अशी कसोटी लावली आहे. म्हणजे आडनाव ज्या वाटेने उतरते, त्याच वाटेने ही कायदेशीर ओळखही उतरते, आणि कुटुंबातील भारतीय आज्या-पणज्यांची गणना त्यात होत नाही. याच समाजासाठी लोकसभेत दोन जागा नामनियुक्तीने भरण्याची तरतूद होती. डिसेंबर २०१९ मध्ये ती पुढे न चालवण्याची घटनादुरुस्ती संसदेत आली, तेव्हा राज्यसभेत विरोध करणाऱ्यांमध्ये डेरेक ओब्रायन होते. जानेवारी २०२० पासून ती तरतूद संपली. अनुच्छेद ३६६ मधील व्याख्या मात्र घटनेत कायम आहे.