आर्ट स्टाईल (व्हिडिओ गेम)

एकच स्क्रीनशॉट बघून गेमचं नाव सांगता आलं तर त्या गेमला स्वतःची आर्ट स्टाईल आहे असं समजतात. रंग, कॅरेक्टरची बाह्यरेषा, प्रकाश-सावली, हालचाल हे सगळं त्यात येतं. भारी ग्राफिक्स म्हणजेच स्टाईल ही गल्लत मात्र फार होते.

सुरुवातीला स्टाईल बरीचशी हार्डवेअरच ठरवायचं. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये मारिओला टोपी घातली कारण एवढ्याशा पिक्सेलमध्ये केस नीट काढता येत नव्हते, आणि मिशी दिली म्हणजे तोंड काढायची गरजच उरली नाही. थ्रीडी आल्यावर ही अडचण हळूहळू गेली, मग वेगळं दिसायचं तर ते मुद्दाम ठरवून करावं लागायला लागलं, आणि त्यातला सगळ्यात गाजलेला मार्ग म्हणजे सेल शेडिंग, म्हणजे थ्रीडी गेमला सपाट रंगांचा, कार्टूनसारखा लूक देणं.

पहिला सेल शेडेड गेम कोणता यावर वाद आहे. बरेच जण ड्रीमकास्ट या गेम कन्सोलवरचा जेट सेट रेडिओ (२०००) सांगतात, काही जण त्याच वर्षी त्याच्या काही महिने आधी आलेला प्लेस्टेशनवरचा फिअर इफेक्ट पुढे करतात. पण फिअर इफेक्टमध्ये कार्टूनसारखा लूक मुख्यतः टेक्स्चर (मॉडेलवर चिकटवलेलं चित्र) सपाट रंगवून आणला होता असं दिसतं, त्यामुळे तंत्राचा मान जेट सेट रेडिओला देणं जास्त पटतं.

तंत्र असं, की पृष्ठभागावर पडणारा प्रकाश हळूहळू मावळू न देता एका मर्यादेवर कापतात, म्हणजे उजेड आणि सावली असे दोन-तीनच सपाट टप्पे उरतात. काळ्या रेषेसाठी मॉडेलची किंचित फुगवलेली काळी प्रत आतबाहेर उलटी करून त्याच जागी ठेवतात, मग तिची फक्त कड दिसते. गिल्टी गिअर एक्सर्डने (२०१४) यात कमालच केली: सावली चित्रकाराला हवी तिथेच पडावी म्हणून नॉर्मल्स (पृष्ठभागाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणाऱ्या रेषा) हाताने बदलले, आणि हालचालीतल्या मधल्या फ्रेम्स काढून टाकल्या, म्हणून थ्रीडी असूनही ते हाताने काढलेलं वाटतं. नुसता शेडर (प्रकाश-रंगाचा हिशोब करणारा छोटा प्रोग्रॅम) लावून हे येत नाही.

सगळे याच वाटेने गेले असं नाही. टीम फोर्ट्रेस २ (२००७) मध्ये नऊही क्लास (खेळाडूला निवडता येणारे कॅरेक्टरचे प्रकार) लांबून नुसत्या आकारावरून ओळखू यावेत असे बनवले, तर बॉर्डरलँड्सचा (२००९) वास्तववादी लूक डेव्हलपमेंट बरीच पुढे गेल्यावर बदलून कॉमिकसारखा केला. कपहेड (२०१७) तर कागदावर हाताने काढून ॲनिमेट केलेला आहे.